धाकट्याच्या नावचा मेंढा

आमच्या घरात एक चाल आहे. घरातला माणूस लांब निघाला की त्या महिन्यात जन्मलेलं एक नर कोकरू त्याच्या नावानं ठेवायचं. ते विकायचं नाही, कापायचं नाही आणि मुख्य म्हणजे कातरायचं नाही. बाकीच्या मेंढरांची लोकर वर्षातून दोनदा उतरते, याची तशीच वाढू द्यायची. माणूस परत येऊन दारात उभा राहिला, त्याचं तोंड दिसलं, की त्यानंच मेंढ्याची शिंगं धरायची आणि घरातल्या थोरानं कातर चालवायची. पहिली मूठभर लोकर खंडोबाला. तोंड दिसल्याबिगर कातर लावायची नाही, एवढा एकच नियम.

आजोबांच्या काळात लांब जाणं म्हणजे मेंढरं घेऊन गोदावरीच्या काठापर्यंत. दिवाळीनंतर गेलेला माणूस मिरगाच्या आत घरी. तेवढ्यात कोकराची लोकर वाढून वाढून किती वाढणार? बोटभर. चार-सहा महिन्यांसाठी केलेली चाल होती ती, विमानासाठी केलेली नव्हती. पण हे आमच्या आबांना कोण सांगणार? आबा म्हणजे माझे वडील. सेनगाव तालुक्यातल्या आमच्या गावात त्यांच्याइतकं मेंढरांतलं कळणारा माणूस आता राहिला नाही, आणि त्यांच्याइतका हट्टी तर आधीही नव्हता.

माझा धाकटा भाऊ हिंगोलीच्या आयटीआयला वेल्डिंग शिकला. त्याचा हात असा काही बसला की थोड्याच वर्षांत तो बॉयलरच्या नळ्या जोडायला लागला. विजेच्या कारखान्यातला बॉयलर म्हणजे टोलेजंग इमारतीएवढी भट्टी, आणि तिच्या भिंती म्हणजे नुसत्या नळ्याच नळ्या. आत कोळसा जाळायचा आणि त्या नळ्यांतल्या पाण्याची वाफ करायची. एखाद्या जोडातून वाफ निसटली तर माणूस भाजून निघतो, म्हणून जोडांचे एक्स-रे काढून बघतात. धाकट्यानं हे सांगितलं तेव्हा आबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. "लोखंडाचा एक्स-रे? आन माझ्या गुडघ्याचा काढायला तुमाला सवड न्हाई, व्हय रे?"

परदेशातल्या साइटचं बोलावणं आलं तेव्हा त्याचा फॉर्म मीच भरला. सेनगावला बसस्टँडजवळ माझं सेंटर आहे. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, पीकविमा, पासपोर्ट, म्हणाल तो फॉर्म मी भरून देतो. तेव्हा त्याला धाडणारा मीच, हे आधीच सांगून ठेवतो. पुढं कुणी म्हणायला नको की यानं लपवलं.

निघताना तो आबांच्या पाया पडला आणि म्हणाला, "दोन वर्षं, आबा. मंग मेंढरं माझ्याकडं." तो शब्द आबांनी मनात घट्ट धरून ठेवला. त्यांचे गुडघे गेले होते, रानात चार पावलं टाकली की बसावं लागायचं. मेंढरं मी घेणार नाही हे त्यांना पक्कं माहीत होतं. मला त्या वासानंच मळमळतं, लपवून काय उपयोग? त्यावरून आबा मला 'साहेब' म्हणतात, आणि कौतुकानं म्हणत नाहीत. तर ती सगळी मेंढरं आणि आबांचं म्हातारपण, दोन्ही धाकट्याच्या परत येण्याला टांगलेली होती. आई कधीच गेली होती. आबांना दुसरं काही नकोच होतं. मेंढरं धाकट्याच्या हाती द्यायची आणि लिंबाखाली बसायचं, एवढंच.

त्या महिन्यात जन्मलेलं काळंभोर कोकरू आबांनी धाकट्याच्या नावानं ठेवलं.

तिकडचं काम कसं होतं ते मला हळूहळू कळलं. कारखाना होत होता एका देशात, समुद्राच्या काठाला. बॉयलर आणि यंत्रं येत होती दुसऱ्या देशातून. पैसाही त्या दुसऱ्या देशाच्या सरकारी बँकेचाच. म्हणजे ती बँक कर्ज देणार, त्या कर्जातून त्यांच्याच देशाची यंत्रं घेणार, कोळसा तिसरीकडून बोटीनं येणार, आणि नळ्यांना जोड मारणार आमचा धाकटा. आबांनी एकदा मला समोर बसवून विचारलं, "ती बँक सरकारी हाय म्हणतोस. मंग ते सरकार आपल्या देशात कारखाना बांधायचं सोडून दुसऱ्याच्या दारात कोळसा काहून जाळून राहिलं?" मी म्हटलं, आबा, धंदा असतो. ते म्हणाले, "धूर त्यायच्या घरात आन धंदा यायच्या घरात. बराबर हाय." शाळेचं तोंड न पाहिलेला माणूस, पण बोलणं असं.

दुसरं वर्ष सरत आलं आणि बातमी आली. त्या सरकारनं जाहीर केलं की आता बाहेरच्या देशांत कोळशाच्या कारखान्यांना पैसा द्यायचा नाही. मी ती बातमी सेंटरवर कॉम्प्युटरसमोर बसून वाचली. खाली लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. पृथ्वी वाचेल, ऊन कमी होईल, असं काय काय लिहिलं होतं. वाचताना माझ्या कपाळावरचा घाम कीबोर्डवर पडत होता, तेव्हा ते खोटं आहे असं मी कोणत्या तोंडानं म्हणू? मला ते पटलं. पटलं आणि धाकट्याच्या कामाची धास्तीही वाटली. दोन्ही एकाच वेळी झालं.

आबांना समजावताना मला घरकुलाची आठवण झाली. म्हटलं, "जोत्यापर्यंत बांधलं की एक हप्ता, भिंती वर गेल्या की दुसरा, असं असतंय नं? तसंच तिकडं. भिंती झाल्या, आन आता बँक म्हणते, स्लॅबचा हप्ता देत न्हाई."

"मंग घर तसंच उघडं?"

"तसंच."

"मंग आपलं पोरगं येऊन राहिलं नं?"

त्यांना सगळ्यातून एवढंच काढायचं होतं. आणि मलाही वाटलं, काम बंद म्हणजे माणूस घरी, यात अडचण ती काय?

त्याच आठवड्यात धाकट्यानं एक व्हिडिओ पाठवला. कारखान्याच्या फाटकाबाहेर तिथले गावकरी जमले होते. त्यांच्या जमिनी गेल्या होत्या, मासे धरायची खाडी गेली होती. आता काम थांबलं म्हणून बाया-माणसं नाचत होती, एकमेकांच्या तोंडात काहीतरी गोड घालत होती. एका बाजूला एक म्हातारा चार-सहा शेरडं घेऊन नुसताच उभा होता. धाकटा फोनवर म्हणाला, "दादा, ते नाचून राहिले व्हते आन मी आत नळ्यांपाशी बसून बघत व्हतो. मला राग बी येईना." आबांनी तो व्हिडिओ तीनदा बघितला. त्यांना फक्त तो म्हातारा दिसला. म्हणाले, "त्याची शेरडं वाचली. चांगलं झालं."

पण धाकटा काही आला नाही. कंपनीनं बहुतेक माणसं परत धाडली आणि चांगल्या हाताची थोडी ठेवून घेतली. अर्धवट बॉयलरला गंज चढू नये म्हणून नळ्यांची तोंडं झाका, ग्रीस लावा, रंग मारा. न जाणो, दुसरी एखादी बँक मिळाली तर? पासपोर्ट कंपनीच्या कपाटात. आज तिकीट, उद्या तिकीट. आपणच मारलेल्या जोडांवर आपणच ताडपत्री घालायची. धाकटा त्याबद्दल बोलायचा तेव्हा त्याचा आवाज ओळखू यायचा नाही. आधी तो इतका बडबड्या होता की फोन कानापासून लांब धरावा लागायचा.

इकडं मेंढ्याची लोकर वाढतच होती. दोन वर्षांची झाली, तिसरं लागलं. पोटाखाली लोंबायला लागली, तिच्यात गोखरू अडकले, शेण वाळलं. पावसाळ्यात त्याच्या मागच्या बाजूला अळ्या पडल्या तेव्हा आबांनी काडीनं एकेक काढून हळद भरली, पण कातर लावली नाही. मी म्हटलं, "आबा, व्हिडिओ कॉलवर रोज तर तोंड दिसतं त्याचं. झालं की मंग."

"ते काचेतलं तोंड. मला दारातलं पायजे."

"जनावराचे हाल चालले."

"त्याचे बी चालले असतील तिकडं. दोघं मिळून काढतील."

कप्पाळ!

तिसऱ्या उन्हाळ्यात ऊन असं पेटलं की दुपारी सेनगावच्या रस्त्यावर कुत्रं दिसेना. मेंढा लिंबाखाली उभ्यानं धापा टाकायचा, जीभ बाहेर. आबा शेजारी बाजेवर बसून तांब्या-तांब्यानं त्याच्या डोक्यावर पाणी घालायचे. एवढ्या जाड लोकरीतून ते पाणी कातड्यापर्यंत कुठलं पोचायला? एका दुपारी माझ्या बायकोचा फोन आला, आबा पडलेत. बाजेखाली पडले होते, तांब्या हातात, अंग तव्यासारखं तापलेलं. सेनगावच्या दवाखान्यात नेऊन सलाईन लावलं. डॉक्टर म्हणाले, पुन्हा उन्हात बसले तर मला सांगू नका. शुद्धीवर आल्यावर आबांचा पहिला शब्द, "मेंढ्याला पाणी घातलं का?"

मला रडू आलं आणि संतापही आला. खरं सांगतो, संताप जास्त. मी इथं, डोळ्यांसमोर, डबा घेऊन उभा, आणि यांचा जीव त्या लोकरीत.

त्याच दिवशी धाकट्याचा फोन आला होता. "दादा, ह्या आठवड्यात तिकिटं हातात पडणार हायत. कंपनीचा साहेब म्हणला, पक्कं." मग मी काय केलं ते ऐका. दुसऱ्या दिवशी आबांना घरी आणलं, बाजेवर बसवलं आणि म्हटलं, "आबा, धाकटा आज विमानात बसला."

चार-आठ दिवसांचा तर प्रश्न होता. खोटं आपसूक खरं होणार होतं, मी फक्त ते थोडं आधी बोललो. आबा पुन्हा उन्हात बसायला नकोत आणि ते जनावर मोकळं व्हावं, एवढाच माझा हेतू होता.

आबा म्हणाले, "फोन लाव."

"विमानात फोन बंद ठेवावा लागतोय."

"तोंड तर दिसलं न्हाई अजून."

तेव्हा मी मोबाइल काढला. धाकटा जाताना विमानतळावर काढलेला फोटो त्यात होता, खांद्याला बॅग, चेहऱ्यावर हसू. तीन वर्षांपूर्वीचा. तो मी आबांच्या डोळ्यांपुढं धरला. "हे बघा. आत्ताच धाडला त्यानं. निघालाय. हे तोंड न्हाई तर काय हाय?"

आबांना जवळचं नीट दिसत नाही. त्यांनी फोन लांब धरला, जवळ धरला, अंगठ्यानं काचेवरची धूळ पुसली. "वाळला न्हाई फार," म्हणाले. आणि एकदम उठले. पेटीतून धुतलेला फेटा काढला, बांधला. कातर दगडावर घासली. गुडघे दुखतात हे त्या दिवशी ते विसरूनच गेले. मला म्हणाले, "शिंगं तू धर. भाऊच हायस त्याचा."

मी शिंगं धरली. नाक दुसरीकडं वळवून, पण धरली. आबांनी मानेपासून सुरुवात केली. कातड्याला एक ओरखडा येऊ दिला नाही. तीन वर्षांची लोकर वाकळेसारखी एकसंध उतरत गेली. आत मेंढा एवढासा निघाला, बरगड्या मोजून घ्याव्यात असा. मोकळा झाल्यावर तो क्षणभर तसाच उभा राहिला, मग अंग झाडलं आणि चक्क उडी मारली. आबा हसले. तीन वर्षांत मी त्यांना असं हसताना बघितलं नव्हतं. पहिली मूठ त्यांनी देवापाशी ठेवली आणि बाकीची पोत्यात भरली, "त्याच्या घोंगडीला" म्हणून. मला वाटलं, जिंकलो.

तिसऱ्या दिवशी दुपारी सेंटरवर असताना धाकट्याचा फोन आला. मी उचलल्या-उचलल्या विचारलं, "तिकीट?"

"मिळालं. पण घरचं न्हाई, दादा." त्याचा आवाज पुन्हा पहिल्यासारखा, भरभरून. दुसऱ्याच एका देशात कोळशाचाच कारखाना होत होता. तिथं दुसऱ्याच कुणाचा पैसा लागला होता. त्याचा साहेब बंद साइटवरचे वेल्डर उचलून थेट तिकडं नेत होता. "एकदा घरी आलो का मला परत कोण बलावतं? आन दादा, एवढे जोड मारले, एक बी पेटलेला पाहिला न्हाई. एक तरी बॉयलर पेटलेला पाहू दे. आबाला समजावून सांग. आन त्या मेंढ्याला कातरून टाका बरं, लई ऊन असंल तिकडं."

मी त्याला शिव्या दिल्या. बसस्टँडवरची माणसं वळून बघायला लागली, तरी दिल्या. कातरलंय, हे मात्र सांगितलं नाही. फोन ठेवला तोवर बायकोचा फोन. आबा सकाळीच जीपमध्ये बसून कनेरगाव नाक्याला गेलेत. विमानानं नागपूरला उतरलेला माणूस वाशीमवरून त्याच रस्त्यानं येणार, तर आपण पुढं जाऊन घ्यावा म्हणून.

मी मोटारसायकल काढली. आबा नाक्यावर एका ढाब्याच्या छपराखाली बसले होते, धुतलेला फेटा, मांडीवर पिशवी. वाशीमकडून बस आली की उठायचे, उतरणारा एकेक माणूस बघायचे आणि पुन्हा बसायचे. ढाबेवाला म्हणाला, सकाळपासून पाणीच पिऊन राहिले, जेवा म्हटलं तर म्हणतात पोरगं आल्यावर. मी जवळ जाऊन बसलो. खरं सांगायची वेळ होती ती. तोंड उघडलंही होतं.

"आबा, तो विमानात बसला व्हता. पण कंपनीनं उतरवून घेतलं. दुसऱ्या साइटवर नेलं."

आबा रस्त्याकडंच बघत होते. म्हणाले, "कवा उतरवलं?"

"त्याच दिवशी."

"दुपारी?"

का विचारतायत ते माझ्या ध्यानात आलं नाही. मी म्हटलं, "व्हय, दुपारीच."

त्यांनी मान हलवली, हळूहळू, हिशेब जुळल्यासारखी. "आपण कातरत व्हतो तवाच," ते म्हणाले. "तोंड पाहिल्याबिगर लावली मी कातर. फोटूला भुललो. माझीच घाई झाली रे, साहेब. बसलेलं पोरगं मी उतरवलं."

तेव्हा तरी बोलायला हवं होतं. आबा, तो विमानात बसलाच नव्हता, फोटो जुना होता, खोटं मी बोललो, एवढी तीन वाक्यं. माझ्यानं ती निघाली नाहीत. मी त्यांना गाडीवर मागं बसवलं आणि घरी आणलं. रस्ताभर त्यांनी माझा खांदा धरून ठेवला होता.

पावसाळ्याआधी त्यांनी मेंढरं विकली. हिंगोलीच्या बाजारात ते गेलेही नाहीत, सौदा मलाच करायला लावला. धाकट्याचा मेंढा तेवढा ठेवला आणि शेवटची एक मेंढी व्यायली होती, तिचं कोकरू. ते कोकरू आता नव्यानं धाकट्याच्या नावानं आहे. लोकरीचं पोतं माळ्यावर तसंच. घोंगडी विणून घेऊ म्हटलं तर म्हणतात, ती लोकर चुकीची उतरलेली, ती अंगावर घालू नये. धाकटा नव्या साइटवर आहे. महिन्याला फोन करतो, आबा फोनवर त्याची माफी मागतात, आणि तो बिचारा मला विचारतो, दादा, आबा माफी कशाची मागून राहिले? मी म्हणतो, वय झालं आता.

आबांना वाचता येत नाही, म्हणून मी हे इथं लिहू शकतो आहे. समोर बसून सांगायची माझी छाती नाही.

मेंढरं गेली त्या दिवशी संध्याकाळी त्यांनी मला हाक मारली. कातर फडक्यात गुंडाळून हातात धरली होती. म्हणाले, "ही तुझ्यापाशी ठेव. माझा भरोसा न्हाई, मी पुन्हा घाई करीन. तू शिकलेला हायस, खरं-खोटं तुला कळतं. तो दारात उभा राहिला आन तू म्हणलास का आला, तवाच काढायची."

मी ती घेतली. सेंटरवर टेबलाच्या खणात, स्टॅम्पपॅडशेजारी ती पडून आहे. कोकराची लोकर आता कानांवर यायला लागली आहे.